निळं दिसलं की हाव म्हणायचं

पायल हे लिहिणारच नव्हती. तीनदा टाइप केलं, तीनदा उडवलं, चौथ्यांदा तर मोबाईल उशीखाली दाबून सरळ झोपायला गेली. आणि ही पायल कोण ते लपवायचं नाही, ज्या बोटांनी हे टाइप होऊन राहिलं ती तिचीच बोटं आहेत. पण ‘मी, मी’ करत लिहायला लागली की दुसऱ्याच ओळीत ती स्वतःला माफ करून मोकळी होते, हा तिचा जुना रोग. म्हणून इथं ती पायलच राहील. आणि खरं सांगायचं तर गोष्ट तिची नाहीच, यमुताईची आहे.

नागपूरच्या महाल भागात एका गल्लीत मुलींची मेस आहे, बाहेर पाटी नाही, काही नाही, पोळ्यांच्या वासावर पोरी बरोबर पोचतात. तिथं यमुताई पोळ्या करते. वय बावन्न. सकाळी शंभर-सव्वाशे, संध्याकाळी तेवढ्याच, आणि एकही पोळी वाकडी नाही. कोणती पोरगी उपाशी आली, कोणती रडून आली, हे तिला मान वर न करता कळतं. रडून आलेलीला ती काही विचारत नाही, फक्त तूप जरा जास्त लावते.

यमुताई मूळची खापा गावची. चौथी शिकलेली. घरात दोघी बहिणी, आणि शाळेत एकीलाच घालता येत होतं. मोठी कुसुमताई स्वतःहून म्हणाली, यमीला घाला, मी बिड्या वळते. ती बिड्या वळत बसायची आणि ही शेजारी बसून धडा मोठ्यानं वाचायची. ऐकून ऐकून कुसुमताईला चौथीपर्यंतचं सगळं पुस्तक पाठ होतं, वाचता मात्र एक अक्षर येत नव्हतं. आता कुसुमताई खाप्यालाच लेकाकडे असते. कमरेनं धरून ठेवलंय, खाटेवरून उठणं नाही, आणि ऐकू इतकं कमी येतं की फोनवर बोलणं म्हणजे भिंतीशी बोलणं. सुनेला सांगायचं, सून तिच्या कानाशी ओरडणार, मग काय कळलं काय नाही देव जाणे.

तर भेटायचं तर जावंच लागतं. आणि जायचं कसं? दुपारी बारा ते पाच एवढीच यमुताईला सुट्टी. खाप्याला बस बदलत जायचं तर जाण्यातच वेळ संपतो, पाचच्या आत परत येणं होतच नाही. रविवारी संध्याकाळी मेस बंद असते, पण दुपारच्या मोठ्या जेवणाचं आवरेपर्यंत साडेतीन होतात आणि सोमवारी पहाटे पुन्हा कणीक भिजवायला हजर. वर्षातून दोनदा भेट. बस.

पण अंगणात एक स्कूटी उभी होती. लेक मेघा लग्न होऊन पुण्याला गेली तेव्हा ठेवून गेलेली. मेघाचं म्हणणं एकच होतं, “आई, लायसन काढ, मग गाडी तुझी. बिनालायसनची चालवशील तर मी चाबी घेऊन जाईन.” यमुताई चालवायला तर केव्हाच शिकली होती, सकाळी मोकळ्या मैदानात, पदर खोचून. दुपारी बाराला निघायचं, दीड वाजता खाप्याला, सव्वातीनला तिथून निघायचं, पाचच्या आत तवा पेटलेला. हा हिशेब तिनं मनात इतक्यांदा केला होता की रस्त्यातली झाडं राहिली होती फक्त मोजायची.

मधे होती ती लर्निंगची परीक्षा. कॉम्प्युटरवर पंधरा प्रश्न, नऊ बरोबर पायजे, आणि विचार करायला मोजके सेकंद.

पायल त्याच मेसमध्ये जेवते, तिनं पहिल्याच दिवशी सोपा रस्ता काढला. “ताई, आजकाल घरूनच देता येते. तुम्ही कॅमेऱ्यात पाहत बसा, बटन मी दाबते.”

यमुताईनं पोळी उलटली. “मंग गाडी बी तूच चालवजो. मी मागं बसून कॅमेऱ्यात पाह्यतो.”

सगळ्या पोरी हसल्या. पायलचं तोंड लाल झालं, पण तिथूनच अभ्यास सुरू झाला. यमुताई ऑफिसात जाऊनच परीक्षा देणार होती. “घरून देली तर लोक म्हनतीन, पोट्टीनं देऊन देली.”

अभ्यास म्हणजे काय, तर जेवायच्या रांगेत एकेकीनं प्रश्न विचारायचा आणि यमुताईनं उत्तर दिल्याशिवाय पोळी घ्यायची नाही. तिला वाचायला वेळ लागतो, पण एकदा एखादी गोष्ट स्वतःच्या घरात नेऊन बसवली की ती तिथून हलत नाही.

“विचार वं, तवा तापला.”

पायलची रूममेट सुरुची विचारायची, “चढावर समोरून गाडी वर येऊन राहिली, तुम्ही खाली उतरून राहिल्या. आधी कोण?”

“वर येनारी.”

“काहून?”

“डोक्यावर पान्याचा गुंड घेऊन पायऱ्या चढनाऱ्या बाईले आपन वाट देतो का नाही? मंग. उतरनारीचं काय जाते थांबाले?”

“सिग्नल नाही अशा चौकात कोणाला आधी जाऊ द्यायचं?”

“उजव्या हाताकडच्याले. जेवाचा हात आधी, बाकी मंग.”

“रेल्वेचं फाटक आहे, पण फाटकावर माणूस नाही?”

“थांबाचं, उतराचं, दोन्हीकडं पाहाचं, मंग जाचं. नवी नवरी सासूच्या खोलीत जाते तसं.”

हे असलं कोणत्या पुस्तकात लिहिलेलं नाही. पायलच्या हातात सराव प्रश्नांचं पुस्तक होतं, त्यातल्या उत्तरांपेक्षा यमुताईची उत्तरं जास्त पक्की होती. अडायचं फक्त एका ठिकाणी. पाट्या. त्रिकोण, गोल, चौकोन, लाल, निळं, आत बाण, आत आकडे. पिठात बोटानं ती एकेक पाटी काढायची आणि पुसून टाकायची. पिठात आकार येतो, रंग कसा येणार?

आणि इथंच पायलला सुचलं. सुचलं की तिला थांबता येत नाही, तोंडातून निघूनच जातं.

“ताई, एकदम सोपं! निळं म्हणजे आपलं. घरावर निळा झेंडा आहे ना तुमच्या? तो पाहिला की तुम्ही काय म्हणता, हाव ना? बस. पाटी निळी दिसली की हाव म्हणायचं, होकार द्यायचा. दवाखाना आहे, हाव. पेट्रोल पंप आहे, हाव. डावीकडून चला, हाव. हॉर्न वाजवा, हाव. आणि लाल दिसलं की नाही.”

यमुताईचं लाटणं थांबलं. ती असं हसली की पायलला आपण फार मोठं काही केलं असं वाटलं. “हे बेस झालं वं. हे तर मी मेली तरी नाही विसरत.”

त्या रात्री पायलच्या ताटात तूप जास्त होतं.

परीक्षेच्या आदल्या दिवशी संध्याकाळी सातला पायल मैत्रिणींसोबत एकीच्या वाढदिवसाला चालली होती. ऑटोत बसल्या बसल्या सहज पाट्यांचा चार्ट वरखाली करत होती. आणि बोट थांबलं. ‘पार्किंग मना’ची पाटी. आतली जागा निळी. चांगली ढळढळीत निळी. काठ लाल आणि वरून एक तिरपी लाल रेघ. तिच्या शेजारी ‘थांबण्यास मनाई’. तीपण निळी, वरून दोन रेघांची लाल फुली.

लाखो गाड्यांच्या शहरात रोज दिसणारी पाटी आणि तिला आठवलीच नव्हती. तिनं लगेच टाइप केलं, “ताई, निळ्यावर लाल रेघ म्हणजे नाही.” सहा शब्द. तेवढ्यात बाजूच्या पोरीनं फोटोसाठी तिचा हात ओढला, फोन खाली झाला, ऑटो थांबला, केक, गाणी, चार जणींचे चार हट्ट. मेसेज गेला नाही.

सकाळी साडेनऊला आठवलं. परीक्षा दहाला. एक फोन करता आला असता. पायलनं फोन हातात घेतला आणि स्वतःला सांगितलं, पंधरातल्या नेमक्या त्याच पाट्या थोडीच येणार. आता फोन केला तर उगाच घाबरतील. हे कारण तिला इतकं आवडलं की ती पुन्हा झोपली.

दोन्ही पाट्या आल्या.

यमुताई दुपारी मेसमध्ये आली ती रोजचीच साडी नेसून, परीक्षेची इस्त्रीची साडी पिशवीत घालून. आठ मार्क. एकानं गेलं. पोरी गोळा झाल्या, सुरुची म्हणाली, “होते ताई, परत देता येते.” यमुताई पायलकडे पाहत होती. तिला दुसऱ्या कोणाला विचारायचंच नव्हतं.

“काय चुकलं असन वं? निळ्या होत्या दोन, मी हाव म्हनलं.”

हीच ती वेळ होती. स्वयंपाकघरात सहा जणी होत्या, तव्यावर पोळी फुगत होती, आणि पायलला फक्त एवढं म्हणायचं होतं की मी चुकीचं शिकवलं. तिच्या तोंडातून निघालं ते हे:

“घाई केली असन ताई तुम्ही. नीट पाहिलं नसन.”

यमुताईनं मान हलवली. “हाव. तेच झालं असन. मायं डोकंच चौथीतलं.”

पायल त्यानंतर मेसमध्ये जाईना. परीक्षा आहे म्हणाली, पोट बिघडलं म्हणाली, मग काही म्हणायचंही सोडलं. कॉलेजजवळ तर्री-पोहे खायची, रूमवर बिस्किटं. सुरुचीनं एक दिवस डबा समोर आपटला.

“घे. यमुताईनं पाठवला. रोज विचारते, ते पोट्टी जेवली का म्हणून. तुझं काय भांडण आहे का तिच्याशी?”

“नाही.”

“मग जात काहून नाही?”

डब्यात चार पोळ्या होत्या आणि तूप. पायलनं झाकण परत लावलं.

मधे काय काय झालं ते तिला सुरुचीकडूनच कळत गेलं. यमुताईनं पुस्तक परत केलं. पुन्हा तारीख घ्यायला नाही म्हणाली. मेघाचा पुण्याहून फोन आला की गाडी उभी राहून खराब होते, संघपालला देऊन टाक. संघपाल म्हणजे यमुताईचा पुतण्या, कन्हानला असतो. तो एका रविवारी आला आणि स्कूटी घेऊन गेला. यमुताईनं सीट पुसून दिली म्हणे.

हे ऐकूनही पायल गेली नाही. हे खरं आहे, म्हणून लिहायला पाहिजे.

ती गेली ती नंतर, चौथ्या आठवड्यात, आणि तेसुद्धा पैसे भरायचे होते म्हणून. स्वयंपाकघराच्या दारात पोचली तर आत मेसला नव्यानं लागलेली एक पोरगी यमुताईला विचारत होती, “ताई, तुम्ही लायसनचा अभ्यास केला होता ना? मलापण दोन-चार गोष्टी सांगा ना लक्षात ठेवायच्या.”

“मले नको विचारू बाई. मले काही येत नाही त्यातलं.”

चढावरच्या बाईचा गुंड, जेवायचा हात, सासूची खोली, सगळं जिच्या डोक्यातून निघालं ती म्हणत होती, मले काही येत नाही. पायल तिथंच दारात रडायला लागली, मोठ्यानं, लहान पोरासारखी. आणि एका दमात सगळं ओकून मोकळी झाली. पाटी, ऑटो, सहा शब्द, सकाळचे साडेनऊ, सगळं.

यमुताईनं गॅस बंद केला. एवढ्या वर्षांत कामाच्या वेळी तिनं गॅस बंद केलेला कोणी पाहिला नव्हता.

“आदल्या दिवशी मालूम होतं तुले?”

“हाव.”

“सकाळी बी?”

“हाव ताई.”

“आन् मले म्हनली, घाई केली असन.”

यमुताईनं लाटणं पोळपाटावर ठेवलं.

“चुकलं ते चुकलं वं. मायी बी पोळी जळते कधी कधी. पन जळली तर मी असं म्हनत नाही का तुह्या दातात खोट हाय म्हनून! महिना झाला, मी सोताले बह्याड म्हनून राहिली. लेकीले सांगतलं, मले नाही जमत. गाडी देऊन देली. खाप्याले सुनेजवळ निरोप धाडला का तुह्या सासूले सांग, यमी नापास झाली. जिनं माह्यासाठी शाळा सोडली तिले मी हे सांगतलं!” तिचा आवाज फाटला होता. “आता मले नको सांगू. खाप्याले जाय. माह्या बहिनीले तोंडानं सांगून ये, कोन नापास झालं ते.”

“ताई, मी एकटी...”

“बस जाते. तुले पाच वाजता पोळ्या नाही लागत कराले.”

पायल दुसऱ्याच दिवशी गेली. बस, मग दुसरी बस, मग विचारत विचारत. कुसुमताई ओसरीत खाटेवर दाराकडे तोंड करून बसली होती, अंगावर जुनी शाल, हात सारखे हलत होते, अजूनही बिडी वळल्यासारखे. पायलनं पाया पडून हळूच सुरुवात केली. कुसुमताईनं कानावर हात धरला.

“मोठ्यानं बोल वं.”

“मी पायल! नागपूरहून! यमुताईच्या मेसमधली!”

“काय?”

“मी त्यांना चुकीचं शिकवलं!”

“कोन चुकली?”

“मी! मी चुकले!” पायल आता अख्ख्या जिवानं ओरडत होती. “यमुताईची काही चूक नाही! माझ्यामुळे नापास झाल्या! आणि मी खोटं बोलले!”

समोरच्या घरातून एक म्हातारा काठी टेकत बाहेर आला. चंपतराव त्याचं नाव. “अवो कुसुमबाई, कोन नापास झालं?”

कुसुमताईला एवढं मात्र बरोबर ऐकू गेलं. ती खाटेवर ताठ झाली. “यमी नाही गा! हे पोट्टी!”

“असं का,” चंपतराव म्हणाला आणि पायलकडे नीट पाहून आत गेला. गल्लीत आणखी तीन दारं उघडली होती. पायलला वाटलं जमिनीत जावं. आणि तरी, जे कानात एकटीला कुजबुजायचं ठरवलं होतं ते असं चारचौघांत ओरडावं लागलं, हेच बरोबर झालं असंही वाटलं.

कुसुमताईनं तिचा हात धरला. “चौथीत पयली आलती ते. मले मालूम होतं, यमी नापास होत नाही.” मग हात तसाच धरून म्हणाली, “मंग कवा येते?”

सून चहा घेऊन आली, चहा झाला, इकडचं तिकडचं झालं, आणि निघताना पुन्हा तेच. “कवा येते म्हनली?”

परत आल्यावर पायलनं स्वयंपाकघरात उभं राहून हे एवढंच सांगितलं. कवा येते विचारत होत्या. यमुताईनं हातातली पोळी तव्यावर टाकली.

“तारीख काढा,” ती म्हणाली. “आन् ते निळ्या पाट्यांचं काय ते नीट सांगा, पायलबाई.”

पायलबाई. तुम्ही. आधी वं, पोट्टी, अवदसा, काहीही असायचं. हे जास्त लागलं, याच्यापुढं खाप्याच्या गल्लीत ओरडावं लागलं त्याचं काहीच वाटेनासं झालं.

यावेळी यमुताईनं पायलची युक्ती घेतलीच नाही. तिनं स्वतःची काढली. कोऱ्या कागदावर पायलनं सगळ्या पाट्या रंगानं काढून दिल्या, यमुताईनं त्या आठ दिवस भिंतीला लावून पाहिल्या आणि मग म्हणाली, “रंग नाही पाहाचा. आधी रेघ पाहाची. कापलेलं हाय का नाही? कापलं तर नाही. एकदा कापलं तर गाडी लावाची नाही, दोनदा कापलं तर थांबाचं बी नाही.” झालं. इतकं सोपं होतं. ते तिला पहिल्याच दिवशी सुचलं असतं, पायल मधे बडबडली नसती तर.

चौदा मार्क आले. तिनं पायलला सांगितलं नाही, सुरुचीनं सांगितलं.

गाडी मात्र कन्हानला गेलेली होती. संघपाल तीवर कामाला जायला लागला होता, परत मागायची कशी? सुरुचीनं आपली स्कूटी दिली. पुढं-मागं लाल रंगात एल काढलेला कागद चिकटवला, दोघींच्या डोक्यात हेल्मेट, यमुताई पुढं, लायसनवाली म्हणून पायल मागं. बुधवारी बाराला निघाल्या. यमुताईनं अख्ख्या रस्त्यात एकदाही मागं वळून काही म्हटलं नाही. एका चढावर समोरून ट्रॅक्टर वर येत होता, तेव्हा तिनं गाडी कडेला घेऊन थांबवली आणि तो जाईपर्यंत पाय टेकून उभी राहिली. तो ट्रॅक्टरवाला हात वर करून गेला.

खाप्याला पायल आत गेली नाही, बाहेर पायरीवर बसली. आतून कुसुमताईचा आवाज आला, बहिऱ्या माणसाचा असतो तसा मोठा.

“गाडीवर आली?”

“हाव!”

“सोता?”

“हाव वं ताई, सोता!”

आणि मग दोघी एकदमच बोलायला लागल्या, कोण काय म्हणतंय काही कळेना. मधेच कुसुमताई मोठ्यानं धडा म्हणायला लागली, चौथीच्या पुस्तकातला असावा. यमुताई सोबत म्हणायला लागली, ती चुकली तिथं कुसुमताईनं दुरुस्त केलं.

पायरीवर बसून पायल बोटांवर बुधवार मोजत होती. पहिल्या परीक्षेपासून या दिवसापर्यंत सात. सात बुधवार या दोघी अशा बसू शकल्या असत्या. एकेका बुधवारी पावणेदोन तास. सहा शब्दांचा मेसेज पाठवला नाही म्हणून, आणि त्याहून जास्त, नंतर एक वाक्य खरं बोलली नाही म्हणून. यमुताई आता दर बुधवारी जाईल, सुरुचीची गाडी आहे, सगळं नीट होईल. पण ते सात काही कुठून आणता येत नाहीत. सव्वातीनला यमुताई डोळे पुसत बाहेर आली आणि म्हणाली, “चला पायलबाई, उशीर होते.” अजूनही पायलबाईच म्हणते. त्याची सवय होऊ नये, एवढंच पायलला वाटतं.

वाचणाऱ्यांना एकच सांगायचं आहे आणि ते सांगायचं होतं म्हणूनच हे शेवटी टाइप झालं. तुमच्यापैकी कोणीतरी असं असेल ज्याला भेटायचं तुम्ही टाळून राहिले, कारण गेलं की खरं सांगावं लागेल. किंवा कोणीतरी दाराकडे तोंड करून बसलेलं असेल आणि तुम्ही पुढच्या महिन्यावर ढकलून राहिले. जा त्यांच्याकडे. या आठवड्यातच जा. बस मिळाली नाही तर कोणाच्या तरी गाडीवर मागं बसून जा, पण जाऊन भेटून या.